चार नंबरचा गॅस तीन नंबर पितोय : बडोद्यातल्या एका सीएनजी गाडीचं प्रकरण

दांडिया बाजारच्या काकांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर आधीच तीन-चार गॅरेजवाल्यांचे हात फिरून झाले होते. १.२ लिटरची, चार सिलेंडरची साधी हॅचबॅक, पेट्रोलवरच घेतलेली, आणि दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका गॅरेजात बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलेली. काकांची तक्रार एका वाक्यात होती, "अरे, पेट्रोलवर ही गाडी लोण्यासारखी आहे आणि गॅसवर टाकली की हिला हुडहुडी भरते."

आणि खरंच भरायची. सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की जास्तच, आणि चेक इंजिनचा दिवा कधी लागायचा कधी आपोआप जायचा. नवरात्रात काका-काकू पावागढला गेले होते तर माचीपर्यंतच्या चढावर प्रत्येक वळणानंतर गाडीने असे झटके दिले की काकूंनी सरळ सांगितलं, परत येताना पेट्रोलवर टाका नाहीतर मी हालोलहून एसटीने येते.

आता आधीच्या लोकांनी काय काय केलं होतं ते काकांनी बिलांसकट दाखवलं, रिटायर्ड मास्तर माणूस, फाइलच केलेली. प्लग दोनदा बदलले. एक कॉइल बदलली. गॅसचा फिल्टर, मग रिड्यूसरचं डायफ्रॅम, मग तर अख्खी इंजेक्टर रेलच नवी. शेवटी कुणीतरी लॅपटॉप लावून 'ट्यूनिंग' केलं. त्यानंतर महिनाभर जरा बरं वाटलं म्हणे, आणि मग पुन्हा तेच. ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणीच केली नव्हती ती म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या डब्याच्या) मागे आरसा घालून बघणे, पण ते मलासुद्धा पहिल्या दिवशी सुचलं नाही हे कबूल करतो.

स्कॅनर लावला. कोड पी०३०४, म्हणजे चार नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर, मिश्रण पेटतच नाही. तो फक्त स्लोला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, यायचा. चढावर झटके मारायची तेव्हा एकही कोड नाही. हे आधी मला नीट कळलं नाही, एकच आजार आहे तर दोन ठिकाणी दोन तऱ्हा का, पण पुढे सगळं प्रकरण ह्याच धाग्याने उलगडलं म्हणून इथे सांगून ठेवतो. गॅसवर स्लोला फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक १४ टक्के, पेट्रोलवर अधिक १-२. म्हणजे पेट्रोलवर गाडी सरळ आणि गॅसवर ईसीयूला वाटतंय की मिश्रण कोरडं आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी (जास्त झालं की ओलं), अजून घाला, अजून घाला.

इथे ज्यांना सिक्वेन्शियल किट कसं चालतं ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टाकीत गॅस २०० बारपर्यंत भरतात, रिड्यूसर तो साधारण २ बारवर आणतो, तिथून तो रेलवर येतो आणि रेलवर प्रत्येक सिलेंडरचा एकेक गॅस इंजेक्टर असतो. पण पेट्रोलचा इंजेक्टर जसा थेट इंजिनच्या हेडजवळ खोचलेला असतो तसा हा नसतो. हा लांब कुठेतरी ब्रॅकेटवर असतो आणि तिथून रबरी पाइप निघतो, पाइपच्या टोकाला पितळेचं नोझल, आणि ते नोझल मॅनिफोल्डच्या त्या-त्या नळीत, म्हणजे रनरमध्ये, भोक पाडून आटे पाडून बसवतात. गॅसचा ईसीयू स्वतः डोकं फारसं चालवत नाही, तो मूळ ईसीयूचा पेट्रोल इंजेक्टरला जाणारा सिग्नल पकडतो, त्याला एका आकड्याने गुणतो आणि त्याच सिलेंडरच्या गॅस इंजेक्टरला तेवढा वेळ उघडा ठेवतो. म्हणजे गॅसचा हिशेब गाडीच्या कंपनीत नाही तर गॅरेजात ठरतो. मूळ इंजेक्टर कुठे बसवायचा, कुठल्या कोनात, हे कंपनीच्या इंजिनियरांनी महिनोन्‌महिने डोकं लावून ठरवलेलं असतं आणि गॅसचं नोझल कुठे बसणार हे ठरवतो ड्रिल हातात असलेला पोरगा, संध्याकाळी सहा वाजता, गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसलेलं असताना.

तर, आधी सोपी गोष्ट काढून टाकली. रेलवर दोन नंबरचा आणि चार नंबरचा इंजेक्टर आपसात बदलले, म्हणजे दोनच्या इंजेक्टरवर चारची वायर आणि चारचा पाइप, आणि उलट. इंजेक्टर खराब असता तर मिसफायर दोन नंबरला गेला असता. नाही गेला, चारलाच राहिला. रेल उगीचच बदलली होती काकांनी (काकांना हे लगेच सांगितलं नाही, फाइल पुन्हा उघडली असती).

मग प्लग काढले. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग बघून मिश्रणाचा अंदाज घेणं म्हणजे पंचाईत असते, कारण मिथेन जळताना काजळी धरतच नाही म्हटलं तरी चालेल, मिश्रण ओलं असो की कोरडं, प्लग आपला पांढरट स्वच्छ. चारही प्लग दिसायला भाऊ-भाऊ. आधीच्या मंडळींनी बहुतेक हेच बघून 'प्लग ओके' लिहिलं असणार. त्यांची चूक नाही, पेट्रोलची सवय डोळ्यांना.

स्कॅनरवरून एकेका सिलेंडरचा पेट्रोल पल्स, म्हणजे तो इंजेक्टरचा सिग्नल, बंद करून बघितला, पल्स बंद झाला की गॅसही आपोआप बंद, कारण गॅसवाला ईसीयू नकल्याच आहे. एक, दोन, तीन बंद केले की आरपीएम प्रत्येक वेळी ८०-९० ने आदळायचे. चार बंद केला तर कसाबसा १५ चा फरक. म्हणजे स्लोला चार नंबर जवळपास नुसताच वर-खाली होत होता, काम काही नाही.

आता गॅसच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते ती फार कमी लोक वापरतात. एखाद्या सिलेंडरचा गॅस इंजेक्टर बंद केला तर तो एकटा सिलेंडर पेट्रोलवर चालतो आणि बाकीचे तीन गॅसवर. चार नंबर एकटा पेट्रोलवर टाकला आणि गाडी क्षणात शांत. ट्रिम १४ वरून २ वर. काका दारात उभे होते, म्हणाले "झाली का?" म्हटलं काका अजून नाही, पण चोर कुठल्या गल्लीत आहे ते कळलं.

आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये अजून एक गोष्ट सापडली. इंजेक्टर करेक्शनच्या पानावर एक, दोन, तीन समोर शून्य आणि चार समोर अधिक १८ टक्के. लॅपटॉपवाल्याने हेच 'ट्यूनिंग' केलं होतं. चार कोरडा जातोय का, मग चारला जास्त घाल. ऐकायला बरोबर वाटतं ना? पोराला अंगी लागत नाही तर ताटात दोन पोळ्या जास्त वाढा. पण पोळ्या पोराच्या पोटात जातायत की शेजारचा उचलतोय हे कुणी बघायचं?

मला शंका आली ती इथे. चारला १८ टक्के जास्त गॅस सोडूनसुद्धा तो कोरडाच असेल तर तो गॅस जातोय कुठे? गळती असती तर वास आला असता, साबणाचं पाणी मारून बघितलं, कुठेच बुडबुडा नाही. मग गॅस इंजिनातच जातोय, फक्त दुसऱ्याच्या घरात.

ह्याची खात्री करायला जे केलं ते सांगतो, कारण साधं आहे आणि महागडं मशीन लागत नाही. गॅसवर प्लग बोलत नाहीत पण पेट्रोलवर बोलतात. मग तीन नंबर एकटा पेट्रोलवर, बाकी तिघं गॅसवर, आणि गाडी दहा-बारा मिनिटं स्लोला. बंद केली, तीनचा प्लग काढला तर टोकाला मखमली काजळी, दिवा भडकल्यावर काचेला धरते तशी. प्लग साफ करून परत लावला आणि आता दोन नंबर एकट्याला पेट्रोलवर ठेवून तेवढीच मिनिटं. दोनचा प्लग जरा गडद, ते ट्रिम १४ ने वाढवलेलं होतं म्हणून अपेक्षितच, पण काजळी नाही. म्हणजे तीनला त्याचं स्वतःचं पूर्ण पेट्रोल मिळत होतं आणि वर कुणाचा तरी गॅस पण. कुणाचा ते उघडच होतं.

तीनच का, दोन किंवा एक का नाही? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. म्हणजे चारच्या अगदी आधी हवा ओढणारा तीन. पोर्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे इंधन वॉल्व्हच्या बाहेर सोडतात त्या पद्धतीत, ते बहुतेक वेळा वॉल्व्ह उघडायच्या आधीच सोडून ठेवतात, म्हणजे चारसाठी गॅस सुटतो तेव्हा चारचा दरवाजा बंद असतो आणि नेमका त्याच वेळी तीन हवा ओढत असतो. आणि मॅनिफोल्डच्या डब्यात, ज्याला प्लेनम म्हणतात, तीनचं तोंड चारच्या तोंडाला खेटून. शेजारीही तोच आणि जेवायला आधी बसणाराही तोच.

मग मागच्या बाजूने, फायरवॉल आणि इंजिनच्या सांदीत, दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घातला. एक, दोन, तीनची नोझलं हेडजवळ, एका ओळीत. चारचं दिसेचना. आरसा वर-वर नेला तर ते महाशय पार वरती, प्लेनमच्या गळ्याशी. का, तर चारच्या रनरच्या बरोबर समोर वायरिंगचा ब्रॅकेट आणि एक व्हॅक्यूमचा पाइप आडवा येतो, मॅनिफोल्ड न काढता ड्रिल तिथे जातच नाही. ज्याने बसवलं त्याने मॅनिफोल्ड काढायचा कंटाळा केला, जिथे ड्रिल पोचलं तिथे भोक पाडलं आणि "चालशे काका" (चालेल काका) म्हणून गाडी दिली असणार. 'चालशे' ह्या एका शब्दावर आपल्या बडोद्यातल्या निम्म्या गाड्या चालतायत.

मॅनिफोल्ड काढला. टेबलावर ठेवून स्टीलच्या पट्टीने मापलं. हेडच्या फ्लँजपासून (मॅनिफोल्ड हेडला जोडतो त्या कडेपासून) एकचं नोझल साडेचार सेंटीमीटर, दोनचं साडेचार, तीनचं पाच. चारचं अकरा. रनरची एकूण लांबी चौदाच्या आसपास, म्हणजे चारचं नोझल प्लेनमपासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर. कोन पण बघा, पहिली तीन वॉल्व्हच्या दिशेने साधारण ४५ अंशात कललेली आणि चारचं उलटं, तोंड प्लेनमकडे, कारण ड्रिल त्या बाजूनेच आत शिरू शकत होतं. पाइपची लांबी पहिल्या तिघांची २० ते २४ सेंटीमीटर आणि चारचा वळसा घालून ४२.

काका आणि माझ्याकडचा पोऱ्या दोघांनाही पटेना की सहा-साडेसहा सेंटीमीटरने असा काय डोंगर कोसळतो. मग उदबत्ती आणली. एकच्या पाइपात धूर ओढून हळूच फुंकला, धूर हेडच्या बाजूच्या तोंडातून बाहेर. दोन, तीन तसंच. चारच्या पाइपात फुंकला तर हेडच्या बाजूला चिमूटभर आणि थ्रॉटल बसतो त्या मोठ्या तोंडातून भसकन लोट. आता टेबलावर ओढणारं इंजिन नव्हतं त्यामुळे ही काही शास्त्रीय चाचणी नाही हे मला माहितीय, पण नोझलचं तोंड कुठे आहे हे दाखवायला पुरेशी. काका दोन मिनिटं नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं चारच्या नावाचा गॅस भरत होतो आणि ओवाळणी तीनला."

आता थोडं गणित, कारण 'सहा सेंटीमीटर'वाला प्रश्न चांगला आहे. ३०० सीसीचा एक सिलेंडर. मिथेनचं हवेशी बरोबर जमलेलं मिश्रण वजनाने १७.२ ला १, पण आकारमानाने बघितलं तर मिश्रणातला साधारण साडेनऊ टक्के भाग गॅसच असतो. पेट्रोलची वाफ दोन टक्क्यांच्याही आत. म्हणजे एका वेळेला जवळपास २८ सीसी गॅस त्या रनरमध्ये जागा मागतो. रनर ३२ मिलीमीटर व्यासाचा धरा, तर २८ सीसी म्हणजे त्या नळीतला साडेतीन सेंटीमीटरचा अख्खा तुकडा, नुसत्या गॅसने भरलेला. हेडजवळ सोडला तर तो वॉल्व्हच्या मागे पोर्टमध्ये मावतो आणि वॉल्व्ह उघडला की पहिला आत. प्लेनमपासून तीन सेंटीमीटरवर सोडला, तेही तोंड मागे करून, तर तो तुकडा रनरमध्ये राहणारच नाही, डब्यात सांडणार. पेट्रोलचं असं होत नाही कारण ते थेंबांच्या रूपात वॉल्व्हच्या पाठीवर आपटतं आणि तिथेच चिकटतं. गॅस चिकटत नाही, जिकडे वारा तिकडे तो.

आणि वाऱ्याला वेळ किती मिळतो ते बघा. ८०० आरपीएमला एक पूर्ण चक्र, दोन फेऱ्या, १५० मिलीसेकंद. त्यात इनटेक वॉल्व्ह उघडा असतो ४८ च्या आसपास, म्हणजे १०० मिलीसेकंद दार बंद आणि गॅस अंगणात उभा. त्यातच स्लोला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त, त्यामुळे वॉल्व्ह उघडल्या-उघडल्या जळालेला थोडा एक्झॉस्ट उलटा रनरमध्ये येतो आणि जे काही आत उभं आहे त्याला अजून मागे ढकलतो. तीन टपलेलाच. ३००० आरपीएमला हेच चक्र ४० मिलीसेकंदांचं, हवा जोरात, गॅसला भटकायला वेळ नाही, चारचा बराचसा गॅस चारलाच मिळतो.

आता चढावरचा झटका कळला का? स्लोला चारचा गॅस चोरीला जातो म्हणून १८ टक्के जास्त दिले, ते स्लोलाही कमीच पडले, पण चढावर चोरीच होत नाही, तिथे हे १८ टक्के अजीर्ण. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर एकच, तो चौघांची सरासरी वाचतो. चार ओला आला की सरासरी ओली, ईसीयू चौघांचंही थोडं थोडं कमी करतो, म्हणजे चार तरीही ओलाच आणि बाकीचे तिघं विनाकारण कोरडे. त्यात ४२ सेंटीमीटरच्या पाइपाची भर. वळणातून बाहेर येताना पाय दाबला की तिघांना वाढीव गॅस लगेच आणि चारला उशिरा, लांब नळीने पिचकारी मारल्यावर धार वेळेवर सुटत नाही आणि नंतर ठिबकत राहते तसा. ३००० आरपीएमला एक मिलीसेकंद म्हणजे क्रँकचे १८ अंश, हे लक्षात ठेवा. मिसफायर होत नव्हता म्हणून कोड नाही, पण चौघांची ताकद एकसारखी नाही म्हणून झटके.

आणि स्लोला उलटं. तिथे चार पेटतच नाही, न जळलेली हवा तशीच एक्झॉस्टला, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन फार आहे, मिश्रण कोरडं आहे, आणि ईसीयू चौघांना १४ टक्के वाढवतो. तीन आधीच चारचं खाऊन तट्ट, त्याला अजून. काकांचं अ‍ॅव्हरेज किलोला एकोणीसवर का आलं होतं ते इथे मिळालं.

हे सगळं लिहिताना मला राहून राहून जुन्या मिक्सर किटची आठवण येते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात गॅस सगळ्यांच्या आधी, थ्रॉटलच्याही आधी, एका मिक्सरमध्ये हवेत सोडायचे. तिथून सिलेंडरपर्यंत येईतो गॅस हवेत इतका मिसळलेला असायचा की चौघांना जवळपास सारखं मिळायचं. त्याचा तोटा वेगळा, अख्खा मॅनिफोल्ड पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेला, एक बॅकफायर झाला की एअर फिल्टरचा डबा फाडकन फुटायचा, आमच्या वडिलांच्या फियाटचा दोनदा फुटलाय, एकदा तर मांडवीच्या भर गर्दीत. तेच पेट्रोलवर बघाल तर उलटं, त्या फियाटला चार सिलेंडरला एक कार्ब्युरेटर, आणि पेट्रोल ओलं असल्यामुळे मॅनिफोल्डच्या भिंतीवरून ओघळत जायचं, कुणाला जास्त कुणाला कमी. म्हणून तर प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर आला आणि २००० च्या आसपास लोक गाडीच्या मागे 'एमपीएफआय' (मल्टी पॉइंट फ्युएल इंजेक्शन) लिहिलेलं कौतुकाने दाखवायचे. तर माझं मत असं की गॅस एक तर खूप लांब सोडा, सगळ्यांचा एकत्र, नाहीतर प्रत्येकाच्या अगदी दाराशी सोडा. अधेमधे सोडलात तर ना मिसळायला जागा ना मुक्कामाला पोचायची खात्री. आणि चारातले तीन दाराशी आणि एक अधेमधे, ह्याच्याइतकं वाईट काही नाही, कारण चौघंही चुकलेले असते तर निदान सारखे चुकले असते.

दुरुस्तीला अर्धा दिवस गेला. मॅनिफोल्ड बाहेरच होता त्यामुळे चारचं नवं भोक फ्लँजपासून साडेचारवर, ५ मिलीमीटरचं ड्रिल, एम ६ चे आटे, कोन पुठ्ठ्याचा साचा कापून बाकीच्यांशी जुळवला. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं की प्लॅस्टिकचा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो, तरी नंतर आतून हवा मारून, फडक्याने पुसून, पुन्हा हवा मारली. ज्याने पहिल्यांदा मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच भोकं पाडली त्याचा कीस कुठे गेला असेल ह्याचा विचार न केलेला बरा. तीनचं पाचवर होतं ते राहू दिलं, अर्ध्या सेंटीमीटरसाठी चांगली भिंत पुन्हा टोचण्यात अर्थ नाही. जुनं भोक आट्याचा बोल्ट आणि इपॉक्सीने बंद केलं आणि मॅनिफोल्डची तोंडं बंद करून हलकी हवा भरून पाण्यात बुडवून बघितला.

रेल आधी एक नंबरच्या बाजूला लटकवलेली होती, ती सरकवून मधोमध आणली, नवा ब्रॅकेट करून. चारही पाइप नवे, एकाच गुंडाळीतून, चारही २२ सेंटीमीटर. एक आणि चारला ताणून आणि दोन-तीनला थोडं वळवून बसवावं लागलं, दिसायला जरा बेंगरूळ, पोऱ्या म्हणाला दोन-तीनचे छोटे करू का. नाही करायचे. दिसण्यापेक्षा लांबी सारखी हवी.

मग लॅपटॉप. सगळ्यात आधी ते १८ टक्के शून्य केले, जुनी ट्रिम पुसली, पेट्रोलवर गाडी पूर्ण गरम केली, मग गॅसचं ऑटो कॅलिब्रेशन, मग गोल्डन चोकडीपासून हालोल रोडला पोऱ्याला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलं आणि २००० ते ४००० आरपीएममध्ये गॅसचा नकाशा, म्हणजे कुठे किती गॅस सोडायचा तो तक्ता, भरला. परत येताना सेव उसळ खाल्ली, तर्री जास्तीची, ते बिल माझं.

आकडे असे आले. स्लोला गॅसवर ट्रिम अधिक ३, रस्त्यावर उणे २ ते अधिक ४. सिलेंडर बंद करून बघायची चाचणी पुन्हा केली, चौघंही ८० ते ९० च्या मध्ये. करेक्शनच्या पानावर चारही शून्य, आणि हे मला सगळ्यात जास्त समाधानाचं वाटलं. माझ्याकडे कुठलीही गॅसची गाडी आली आणि त्या पानावर एखाद्या सिलेंडरसमोर दहा-पंधराचा आकडा दिसला की मी आता लॅपटॉप मिटतो आणि आरसा काढतो. करेक्शनने इंजेक्टर-इंजेक्टरमधला फरक भरून निघतो, कारण तो फरक कमी-अधिक तसाच राहतो. नोझलच्या जागेची चूक प्रत्येक आरपीएमला वेगळी असते, तिला एक आकडा पुरत नाही.

एक गोष्ट मात्र मॅनिफोल्डने सुटणारी नव्हती. कॉम्प्रेशन मापलं तेव्हा चार नंबर बाकीच्यांपेक्षा १२ पीएसआयने कमी आला. कव्हर उघडून फिलर गेज (गॅप मापायची पातळ पट्टी) घातलं तर चारच्या एक्झॉस्ट वॉल्व्हचा गॅप बाकीच्यांपेक्षा ०.०८ मिलीमीटरने कमी. सीएनजी कोरडा, वॉल्व्ह सीटवर पेट्रोलसारखा ओलावा नाही, त्यामुळे सीट झिजते आणि वॉल्व्ह वर सरकत गॅप खातो, हे बऱ्याच गॅसच्या गाड्यांना होतं. पण ह्या गाडीत ते १८ टक्के येण्याआधीचं दीड वर्ष चार नंबर कोरड्या मिश्रणावर पळाला होता, त्याची झीज बाकीच्यांच्या पुढे गेलेली. बकेट (वॉल्व्हवरची वाटी) बदलून गॅप बरोबर केला. प्लगचा गॅपही कमी करून ०.७ मिलीमीटर केला, गॅसला पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून.

काकांना ही गोष्ट नीट समजावून सांगितली, की गाडी आता नीट आहे पण चारची सीट थोडी झिजलीय ती झिजलीय, दहा हजार किलोमीटरला टॅपेट, म्हणजे हाच वॉल्व्हचा गॅप, दाखवायला या, चुकवू नका. काकांनी फाइल काढली, नव्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला, आणि खाली '४ एक्झॉ.' असं लिहून लाल पेनने दोनदा अधोरेखित केलं. मग विचारलं, "तो जुना पाइप देतोस का?" ४२ सेंटीमीटरचा तो पाइप गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला. ज्या गॅरेजने किट बसवलं होतं तिकडूनच घरी जाणार होते म्हणे.